अठ्ठेचाळीस फुलांचं लाटणं

होशियारपूरच्या डब्बी बाजारात बख्तावर सिंग विरदीचं दुकान पाच फूट रुंद आणि बारा फूट खोल होतं. त्या साठ चौरस फुटांत पांढरं फूल नसलेला असा एकटा तोच होता. पलंगाचे पाय, हुक्क्याची नळी, सुरम्याच्या डब्या, बुद्धिबळाचे उंट आणि प्यादी, जे जे लेथवर गोल कातून त्याच्या हाती येई, त्यात तो बारीक खाचा कोरायचा आणि हस्तिदंताच्या पाकळ्या बसवायचा. आठ पाकळ्यांचं एक फूल हरभऱ्याच्या डाळीएवढं. वडिलांनी हेच केलं, आजोबांनी हेच केलं. पण ते दोघं गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढंच करत. बख्तावर सिंगला मात्र कुठे थांबावं ते कळत नसे.

घरातल्या पंख्याच्या दांडीवर फुलं होती. मच्छरदाणीच्या चारही काठ्यांवर होती. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला लाकडी बोंड होतं, त्यावरही एक होतं. एकदा पोटदुखीचं औषध आणायला म्हणून तो वैद्यांकडे गेला आणि त्यांचा लाकडी बत्ता उचलून घरी आला. तीन दिवसांनी बत्ता फुलांसकट परत गेला. औषध राहूनच गेलं, आणि पोट तोवर आपोआप बरं झालं होतं.

त्याचा एक नियम होता. फूल डोळ्याला दिसलं पाहिजे, बोटाला कळता कामा नये. काम संपलं की तो बायकोच्या जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा वस्तूवरून हलकेच ओढायचा. एक धागा जरी अडला, तरी फूल उपटून पुन्हा बसवायचा. मोहल्ल्यातल्या गुरुद्वारात शबद गाणारे ग्यानी उजागर सिंग दोन्ही डोळ्यांनी आंधळे होते. त्यांना त्याने एक काठी करून दिली. ग्यानीजींनी वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "विरदी, मला दिसत नाही म्हणून साधी काठी देऊन फसवतोस होय?" आयुष्यात मिळालेली सगळ्यांत मोठी शाबासकी म्हणून बख्तावर सिंग ही तक्रार पुढे वीस वर्षं ज्याला त्याला सांगत राहिला.

लाकूड कातून द्यायचा तो समोरच्या दुकानातला फकीरचंद. दोघं एका वयाचे, अठ्ठावन्नचे. रोज सकाळी एकमेकांचं तोंड बघितल्याशिवाय त्यांना भांडण सुरू करता येत नसे.

"लोक येतात आणि म्हणतात, वा, काय फुलं आहेत," फकीरचंद म्हणायचा. "अरे, चेहरा मी करतो. हा नुसती पावडर लावतो."

"तुझ्या चेहऱ्याकडे बघून कुणी दुकानात शिरलं असतं का?" बख्तावर सिंग आतूनच विचारायचा.

बख्तावर सिंगला एकच मुलगी, मोहिंदर कौर. घरात तिला मिंदो म्हणत. तिचं लग्न १७ नोव्हेंबर १९६८ ला, रविवारी ठरलं. स्थळ गढदीवाल्याचं, बसने तासाभराच्या अंतरावर. मुलगा अवतार सिंग शेतीची अवजारं दुरुस्त करायचा आणि घर त्याच्या विधवा आईच्या, ईशर कौर यांच्या, मुठीत होतं. बख्तावर सिंगने ऑगस्टमध्येच दाजाच्या, म्हणजे लेकीबरोबर सासरी पाठवायच्या, वस्तू करायला घेतल्या. पलंगाचे पाय झाले, बसायची बुटकी पिढी झाली, ताक घुसळायची रवी झाली. मग त्याच्या मनात आलं, रोज हातात येणारी वस्तू कोणती, तर लाटणं.

फकीरचंदने लाटणं कातून दिलं, पण देताना हातातून लवकर सोडलं नाही.

"ही टाहलीची फांदी चैतात तोडलेली आहे. अजून ओली आहे. वर बाहेर पाऊस पडतोय. लाकूड फुगलंय सगळं. एक वर्ष थांब."

"वर्षभर लग्न थांबवू?"

"लाटणं थांबव. नाहीतर फुलं मुठींवर लाव. मधल्या भागावर कशाला? तिथे कणीक फिरते."

"मूठ हातात झाकली जाते. मग बघणार कोण?"

"रोटी बघ ना बाबा. लाटण्याकडे कोण बघतं?"

घरी त्याच्या बायकोने, बचिंत कौरनेही, तेच सांगितलं. ती म्हणाली, "स्वयंपाकघरात कुणी दात नेऊन ठेवतं का?" त्यावर बख्तावर सिंगकडे उत्तर तयार होतं. नवरीचा चुडा हस्तिदंताचा चालतो, त्याच हातांनी ती कणीक मळते, मग लाटण्यानेच काय पाप केलं? बचिंत कौरने तीस वर्षांत शिकलेली गोष्ट केली, म्हणजे कणीक मळायला घेतली.

वडिलांच्या वेळचा जुना, दुधासारखा हस्तिदंत त्याने त्या लाटण्यासाठी काढला. सहा फुलांची एक रांग, अशा आठ रांगा. अठ्ठेचाळीस फुलं. मलमल त्यावरून पाण्यावरून जावी तशी गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी दाज खाटांवर मांडून दाखवलं, तेव्हा बायकांनी रजया आणि भांडी सोडून लाटण्याभोवती गर्दी केली. ईशर कौर यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी ते लाटणं नाकापाशी धरलं, दोनदा उलटंसुलटं फिरवलं आणि म्हणाल्या, "हं." ईशर कौर यांच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे काय, ते गढदीवाल्याच्या बायकांनी होशियारपूरच्या बायकांना समजावून सांगितलं.

हिवाळा नीट गेला. धुक्याच्या हवेत लाकूड जसं होतं तसं राहिलं. मिंदोचे फुलके चेंडूसारखे फुगत आणि ईशर कौर न बोलता चार खात. मग वैशाखी झाली, गहू घरात आला, आणि पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला. लाटणं चुलीशेजारच्या फळीवर ठेवलेलं असे. ओलं लाकूड सुकू लागलं आणि सुकता सुकता आकसलं. हस्तिदंत कशाला आकसतोय? तो होता तेवढाच राहिला. दिसायला काही फरक नव्हता. पण प्रत्येक फूल लाकडाच्या वर केसभर उभं राहिलं.

पहिल्या दिवशी मिंदोचा एक फुलका बसला. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्याने टोपलीतला एकही फुगेना. फुलं कणकेत रुतत, तिथे पापुद्रा पातळ होई आणि वाफ तिथूनच निसटे. तव्यावरून उतरलेली रोटी चपटी, आणि तिच्यावर रांगेने चांदण्या.

मिंदोला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. ईशर कौर यांना चांदण्या स्पष्ट दिसत नव्हत्या. बोटांना खळगे लागत, आणि त्यावरून त्यांनी आपला निकाल काढला होता.

"नखं काप," त्या म्हणाल्या.

मिंदोने नखं कापली.

"परत काप. अजून रुततायत."

तिसऱ्यांदा कापली तेव्हा बोटांची टोकं हुळहुळायला लागली आणि मिठाच्या डब्यात हात घालवेना. रोट्या तशाच.

दुसरं लाटणं ईशर कौर काढू देईनात. गल्लीतल्या बायका दुपारी ते लाटणं बघायला येत, आणि सुनेने ते फळीवर ठेवून साध्याने लाटावं हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. मिंदोने खरं सांगितलं असतं, तर हात वळत नाही म्हणून बापाच्या दाजाला दोष देते, असं गावभर झालं असतं.

एवढ्यात अवतारच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तारीख १५ जून. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ईशर कौर यांनी मिंदोला ट्रंक भरायला सांगितली.

"पंधरा दिवस आईकडे जा आणि फुलका शिकून ये. नाही जमला, तर लग्नानंतर चूल नव्या सुनेकडे. तू म्हशी आणि गोवऱ्या बघ. मी रागाने बोलत नाहीये, बेटा. घरात पाहुणे येतात, त्यांच्या पानात चामडं वाढता येत नाही."

मिंदो घरी आली. बचिंत कौरने कणकेची परात तिच्यापुढे सरकवली आणि आपलं तीस वर्षांचं काळं, बोडकं लाटणं दिलं. पहिला फुलका फुगला. बाराच्या बारा फुगले. बचिंत कौरने लेकीच्या हातांकडे पाहिलं, मग बोटांच्या टोकांकडे.

"नखं कुठे गेली?"

मग मिंदोने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "भापाजींना सांगू नकोस."

"का?"

"ते जेवायचे नाहीत आठ दिवस."

"नाही जेवले तर कणीक वाचेल," बचिंत कौर म्हणाली आणि त्याच दुपारी सांगितलं.

बख्तावर सिंगने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझं फूल वर येत नाही."

"आलंय."

"चाळीस वर्षांत आलेलं नाही."

"मग हे पहिलं."

"पोरीने लाटणं पाण्यात बुडवून ठेवलं असेल."

"पाण्यात ठेवलं असतं तर फुगलं असतं. सुकलंय ते. फकीरचंदला विचारा जाऊन."

फकीरचंदला विचारण्यापेक्षा बख्तावर सिंगने गढदीवाल्याला जाणं पसंत केलं. २७ मेला, मंगळवारी, मिंदोला घेऊन तो सकाळच्या बसने निघाला. खांद्याला पाण्याची सुरई होती, कारण लेकीच्या घरचं अन्न तो खात नसे आणि पाणीही पीत नसे. त्या पिढीतला कुठलाच बाप खात नसे. मुलगी दिली त्या घरचा घास घशाखाली उतरवायचा नाही, एवढं सरळ होतं. म्हणून तर सहा महिन्यांत तीनदा येऊनही त्याने मिंदोच्या हातची एकही रोटी जवळून पाहिली नव्हती.

ईशर कौर यांनी खाट घातली, सरबत पुढे केलं, त्याने हात जोडले, त्यांनी सरबत मागे घेतलं. हे दोघांनाही पाठ होतं.

"मिंदोला लवकर आणलंत, वीरजी. शिकली का?"

"ते लाटणं बघू जरा, भैणजी."

लाटणं आलं. बख्तावर सिंगने खिशातून मलमलीचा तुकडा काढला आणि सगळ्यांसमोर लाटण्यावर टाकून हलकेच ओढला. मलमल एक बोट सरकली आणि थांबली. त्याने जरा जोर केला. चर्र असा आवाज आला.

"मलमल जुनी आहे," तो म्हणाला.

अवतारने आत जाऊन आईची नवी ओढणी आणली. ईशर कौर यांना काय चाललंय ते कळायच्या आत तीही पहिल्या रांगेत अडकली.

"माझी ओढणी आहे ना ती?" त्यांनी विचारलं.

 बख्तावर सिंगने डोळे मिटले आणि लाटण्यावरून अंगठा फिरवला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस लागली. तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला, जणू एखादं तरी फूल लाज राखील.

मिंदो तोवर चुलीपाशी बसली होती. तिने त्याच लाटण्याने एक रोटी लाटली, भाजली, तूप न लावता ताटलीत ठेवली आणि वडिलांच्या पुढ्यात आणली. रोटी चपटी होती. तिच्यावर सहा सहा चांदण्यांच्या रांगा तव्यावर करपून तपकिरी झाल्या होत्या. बख्तावर सिंग वाकून पाहू लागला.

"आठही पाकळ्या उठल्यात," तो पुटपुटला. आवाजात अभिमान डोकावला, हे त्याला स्वतःलाच उशिरा कळलं. मग तो सरळ बसला. "भैणजी, दोष माझा आहे. लाकूड ओलं होतं. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पोरीचा हात चांगला आहे."

ईशर कौर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

"बाप आहात. असंच म्हणणार."

"मी खरं सांगतोय."

"वीरजी, रोटी चांगली की वाईट हे बघून कळतं का? मला तर दिसतही नाही, तरी मी सांगते. कशावरून? खाऊन. तुम्ही खाणार नाही. मग तुमची साक्ष मी कशी धरू?"

 त्यांनी ते सहज म्हटलं होतं, आणि हा माणूस खाणार नाही याची त्यांना पुरती खात्री होती. बख्तावर सिंगने सुरईकडे पाहिलं. मिंदोकडे पाहिलं. ती ताटलीची कड धरून उभी होती, आणि त्याला तिची बोटं दिसली. नखांच्या जागी गुलाबी कातडी होती.

त्याने रोटी उचलली, तुकडा तोडला आणि तोंडात घातला.

"भापाजी," मिंदो म्हणाली.

तो चावत राहिला. बराच वेळ चावत राहिला. अवतार मदतीला म्हणून लोणचं घेऊन आला.

"कशी आहे?" ईशर कौर यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता वेगळंच काही होतं.

"वहाणेचा तळवा," बख्तावर सिंग म्हणाला. "मी माझ्या शत्रूलाही देणार नाही." आणि उरलेली संपवली, कारण ताटात टाकणं त्याला कधी शिकवलं नव्हतं. "आता दुसरी. मिंदो, त्या लाटण्याला हात लावू नको. तो पितळेचा पेला घे."

मिंदोने पेला आडवा धरून कणीक लाटली. पेल्याने रोटी थोडी वाकडी झाली, एका बाजूला उताराची. पण तव्यावरून निखाऱ्यावर टाकताच ती फुगली आणि कडेतून वाफ सोडू लागली. ईशर कौर यांनी ती पाहिली नाही. त्यांनी ऐकली. पन्नास वर्षं चुलीजवळ काढलेल्या बाईला फुलक्याची फुस्स ओळखायला डोळे लागत नाहीत.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

"आधी साक्षीदार," बख्तावर सिंग म्हणाला आणि अर्धी मोडून स्वतःकडे ठेवली. दोघांनी एका फुलक्याचे दोन भाग खाल्ले. गढदीवाल्यात मुलीच्या बापाने असं केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शेजारची बाई भिंतीवरून पाहत होती, ती दुपारचं जेवण तसंच ठेवून सांगायला निघून गेली.

ईशर कौर यांनी तोंड पुसलं. "मिंदो, इकडे ये." त्यांनी सुनेचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं आपल्या अंगठ्याने चाचपली. "वाढतील," त्या म्हणाल्या. "नव्या सुनेला म्हशींची सवय आहे, तिच्या आईने मला आपणहून सांगितलंय. चूल तुझ्याकडेच राहील." मग बख्तावर सिंगकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचं काय करायचं?"

"लाटणं द्या. घरी नेऊन घासून सपाट करतो."

"दाजातली वस्तू परत नेतात का कुठे?"

"बिघडलेली आहे, भैणजी."

"रोटीला बिघडलेली आहे." त्या लाटण्यावरून बोटं फिरवत होत्या. "लग्नाला दोन मण मैद्याच्या कडक, खाऱ्या मठ्ठ्या तळायच्या आहेत. मठ्ठी फुगली की वाया. म्हणून पाच बायका दिवसभर सुरीच्या टोकाने एकेक मठ्ठी टोचत बसतात, आणि टोचता टोचता सगळ्या घरांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. हे एकदा फिरवलं की टोचून झालं." थांबून त्यांनी भर घातली, "वर फुलं उठतील ती वेगळीच."

बख्तावर सिंगचा चेहरा पडला. जन्मभर बोटाला न लागलेलं फूल आता वर आलंय म्हणूनच त्याची किंमत होणार होती.

"याने टोचलेल्या मठ्ठ्या पाहुण्यांना देणार? माझं नाव सांगू नका त्यांना."

"सांगणार. आणि मिंदोसाठी एक साधं लाटणं आणा. मंगळवारी. वाळलेल्या लाकडाचं."

"आणतो. मुठीच्या टोकाला एक बारीकसं..."

"काही नको."

"आतल्या बाजूला, जिथे हात..."

"वीरजी."

बख्तावर सिंगने मान खाली घातली.

घरी येऊन त्याने फकीरचंदला फक्त एवढंच सांगितलं, की एक लाटणं हवं आहे आणि लाकूड तूच निवड. फकीरचंदने कारण विचारलं नाही. गढदीवाल्याची बस त्याच्याही दुकानासमोरूनच जायची, आणि बसमध्ये बायका असतात. त्याने सहा वर्षं माळ्यावर वाळत पडलेला तुकडा काढला, कातला आणि देताना म्हणाला, "यावेळी नुसता चेहरा. पावडर नाही."

ते बोडकं लाटणं दुकानात चार दिवस पडून होतं. बख्तावर सिंगने ते तीनदा पॉलिश पेपरने घासलं, दोनदा तेल लावलं. एकदा त्याने पेन्सिलने एक छोटं वर्तुळ काढलं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने पुसून टाकलं. सोमवारी संध्याकाळी बचिंत कौरने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि रात्रभर आपल्या उशाखाली ठेवलं.

३ जूनला, मंगळवारी, तो गढदीवाल्याला पोचला तेव्हा त्याच्याजवळ सुरई नव्हती. अंगणात खाट होती आणि खाटेपुढे ताटासाठी पाट होता. ईशर कौर यांनी सरबत पुढे केलं नाही. त्यांनी सरळ ताट मागवलं.

मिंदोने नवं लाटणं पाण्याच्या हाताने पुसलं आणि लाटायला बसली. पहिला फुलका आला. दुसरा आला. प्रत्येक वेळी ईशर कौर मान किंचित वळवून वाफेचा आवाज ऐकत. बख्तावर सिंग डाळ आणि कांद्याबरोबर खाली मान घालून खात होता. इतक्या चांगल्या रोट्या आपली मुलगी करते हे घरी खाताना कधी लक्षात आलं नव्हतं, ते त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी, परक्या घरात बसून कळत होतं.

चौथा संपला तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला.

"बस, भैणजी. लेकीच्या घरी माणसाने मर्यादेत राहावं."

"मर्यादा गेल्या मंगळवारी वहाणेच्या तळव्याबरोबर खाल्लीत तुम्ही," ईशर कौर म्हणाल्या. "मिंदो, पाचवा टाक."